रतनपूर : लढाईचं आणि खाणींचं

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळात मी रतनपूरच्या लढाईवर निबंध वाचला होता. औरंगजेब हयात असताना, १७०५-०६ मध्ये, धनाजी जाधवांनी गुजरातच्या मोगल फौजेला नर्मदेच्या दक्षिणेस रतनपूरला गाठलं, सफदरखान बाबीला कैद केलं आणि मागून आलेल्या अब्दुल हमीदखानालाही बाबा पियाऱ्याच्या उताराजवळ हरवलं. सुरतेतल्या मराठी श्रोत्यांना असा विषय दिला की टाळ्या ठरलेल्याच. वाचन संपल्यावर एका वृद्ध सभासदांनी विचारलं, "तुम्ही रतनपूर पाहिलंय का हो?" पाहिलं नव्हतं.

म्हणून या हिवाळ्यात आम्ही चौघं गेलो. सुरतेहून अंकलेश्वरपर्यंत गाडी, पुढे झगडियापर्यंत बस. डाव्या हाताला नर्मदेचं खोरं, केळी आणि उसाची शेतं. रतनपूर सोडून टेकडीकडे चालू लागलो तशी माती लाल होत गेली, पायाखाली खडे वाजायला लागले. वाट दाखवायला गावातले एक भिल्ल काका बरोबर होते. मी मोठ्या उत्साहाने लढाईची जागा विचारली. "कुठली लढाई?" ते म्हणाले, आणि एका झुडपाशी थांबून काठीने फांद्या बाजूला केल्या. "भाई, पुढे वाकू नका, कडा ढासळते."

ती अकीकाची जुनी खाण होती. सोन्याची नव्हे, पण सोन्याइतकीच लांब गेलेली.

अकीक मुळात दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार होतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच खडकात. तो खडक झिजून वाहत आला आणि अकीकाचे गोटे इथल्या लाल गोटाळ थरात अडकले. १८८० च्या मुंबई गॅझेटियरच्या रेवाकांठा भागात या खाणींचं वर्णन आहे. अरुंद तोंडाची विहीर, साधारण तीस फूट खोल, आणि तळाशी आडवी भुयारं. खणणारे बहुतेक भिल्ल. गोटे वर आणून तिथेच टवका काढून पाहायचे. पिवळसर निघाले की आधी उन्हात वाळवायचे, मग मडक्यांत भरून शेणाच्या आगीत रात्रभर भाजायचे. आतल्या लोहातलं पाणी उडतं आणि पिवळा दगड लाल होतो. तोंडाशी पडलेले टवके आम्ही उचलून पाहिले. एकही पुरता लाल नव्हता, कारण भाजण्याच्या लायकीचा नाही म्हणूनच तो टाकलेला होता.

भडोचच्या बंदरावरून हा माल बाहेर जायचा. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' लिहिणारा ग्रीक व्यापारी सांगतो की पैठणहूनही असे दगड गाड्यांत घालून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येत. मराठी मुलूख आणि हे खोरं यांचं नातं धनाजीरावांच्या दीड हजार वर्षं आधीचं आहे, आणि ते तलवारीचं नाही. माझ्या निबंधात यातली एक ओळसुद्धा नव्हती.

टेकडीवर बाबा गोरांची दर्गा आहे. हबशी पीर, आफ्रिकेतून आलेले. अकीकाचा धंदा त्यांनीच वाढवला असं इथले सिद्दी मानतात. त्यांच्या बहिणीचं, माई मिसराचं, स्थानही इथेच. जुन्या व्यापारात अकीकाच्या एका जातीला 'बाबागोरी' हेच नाव होतं. सरदारांची नावं कागदावर राहतात, पिराचं नाव दगडाला चिकटलं.

दगड पुढे खंबायतला पैलूसाठी जातो. तिथे घासताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या छातीत बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. मणी सुबक होतो तो कुणाच्या तरी श्वासावर, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

उतरताना काका म्हणाले की त्यांचे आजोबा या खड्ड्यांत उतरायचे. खाली दिवा विझला की वर यायचं, एवढाच नियम. आजोबांचं नाव मी विचारलं, वहीत लिहून घेतलं. त्यांनी छापू नका म्हटलं, म्हणून इथे देत नाही.

आता या भागात लिग्नाइट आणि सिलिका वाळूच्या उघड्या खाणी आहेत आणि रस्ता डंपरांचा. जायचं असेल तर पावसाळ्यानंतर, गवत वाळल्यावर जा. झुडपांत खड्ड्यांची तोंडं दिसत नाहीत. गावातला माणूस बरोबर घ्या.