गौताळा परिसर : सहकुटुंब पदभ्रमंती

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या माथ्यावर असलेला तलाव, त्याभोवतीचे अभयारण्य आणि रांगेच्या काठाने पसरलेली लेणी, किल्ले व कुंडे यांचा परिसर. दक्षिणेला कन्नड, पूर्वेकडे पिशोर, पश्चिमेला कन्नड-चाळीसगाव रस्त्यापलीकडची पितळखोऱ्याची लेणी आणि उत्तरेला खानदेशात उतरणारे कडे, अशी त्याची ढोबळ चतुःसीमा सांगता येईल. मुलाबाळांसह आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसह चालण्याजोगा डोंगराळ मुलूख म्हणून तो मराठवाड्यात सर्वांत सोयीचा आहे. तरीही वेरूळ-अजिंठ्याला जाणारी बहुतेक कुटुंबे या वाटेला फिरकत नाहीत.

भूरचना. सह्याद्रीची एक शाखा नाशिककडून पूर्वेला निघते आणि तापी व गोदावरी यांची खोरी वेगळी करत अजिंठ्यापलीकडे जाते. गौताळा याच शाखेवर आहे. लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला काळा कातळ इथे दक्षिणेकडे हळूहळू उतरतो, उत्तरेकडे मात्र एकदम तुटतो. माथ्याच्या दक्षिण अंगाचे पाणी पूर्णा आणि शिवना या नद्यांनी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. कड्यावरून खाली पडणारे पाणी गिरणा व तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. समुद्र इथून दोन्ही अंगांना दूर आहे, पण पाण्याची फारकत याच काठावर होते.

चालणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. पुण्या-मुंबईकडच्या किल्ल्यांवर पायथ्याशी गाडी लावून आधी चढायचे असते आणि दमछाक सकाळीच उरकते. गौताळ्यात गाडी थेट माथ्यावर पोहोचते, चाल बरीचशी सपाटीवर होते आणि जे पाहायचे ते बहुधा खाली असते. उतरणे आधी, चढणे मागाहून. म्हणजे दुपारच्या उन्हात, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्यावर आणि पाच वर्षांचे लेकरू कडेवर घेऊन. सहल फसते ती बहुतेक याच हिशोबात. वाट अवघड असते म्हणून नव्हे.

अभयारण्य आणि तलाव. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 260 चौ. किमी असून ते छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांत विभागले आहे. नावातला औट्रम म्हणजे सर जेम्स औट्रम. 1825 च्या सुमारास खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी. लोक मात्र कन्नड-चाळीसगाव रस्त्यावरच्या त्या घाटाला कन्नड घाटच म्हणतात. गौताळा हे नाव गौतम ऋषींशी जोडले जाते. जंगलात त्यांच्या नावाचे स्थान आहे, आणि जवळच सीतान्हाणी नावाचा धबधबा.

कन्नडहून नागदकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिवरखेड्याला वनखात्याचे प्रवेशद्वार लागते. तिथे नोंद करून व शुल्क भरून आत जायचे. पुढे चंदन नाला आणि मग तलाव येतो. तलावाकाठची चाल हा या परिसरातला सर्वांत सोपा टप्पा होय: चढ जवळजवळ नाही, वाट रुंद, आणि आजी-आजोबांना मध्येच सावलीत बसवून बाकीच्यांनी पुढे जाऊन यावे अशी मोकळीक. हिवाळ्यात पाण्यावर बदके उतरतात. पाणी ओसरल्यावर काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यात नीलगाईचे, रानडुकराचे खूर स्वच्छ उमटलेले असतात. मुलांना ते शोधायला लावले की तास कसा गेला कळत नाही. नीलगाईचा खूर टोकदार, जोडीने उमटलेला. डुकराच्या खुरामागे दोन बारीक खुणा जास्तीच्या. पाण्यात उतरणे मात्र टाळावे.

जंगल शुष्क पानझडीचे आहे: साग, सालई, धावडा, अंजन, खैर, पळस. बिबट्या, अस्वल, भेकर, वानर यांचा इथे वावर आहे. 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला एक वाघ इथे कॅमेऱ्यात टिपला गेला आणि कित्येक दशकांनी गौताळ्यात वाघाची नोंद झाली. कुटुंबाने त्याची धास्ती घ्यावी असे काही नाही. उजाडल्यावर आत जावे, दिवस मावळायच्या आत बाहेर पडावे आणि लहान मुलांना पुढे पळू देऊ नये, एवढे पाळले तरी पुरते.

पितळखोरा. कालीमठाच्या बाजूने माथ्यावर जाऊन पायऱ्यांनी दरीत उतरल्यावर ही बौद्ध लेणी दिसतात. यांतली जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची, म्हणजे अजिंठ्याच्या अगदी आरंभीच्या लेण्यांच्या बरोबरीची. दगड ठिसूळ असल्याने पडझड फार झाली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी इथला ढिगारा उपसला, तेव्हा पायऱ्या, द्वारपाल आणि जोत्यावरची हत्तींची रांग उजेडात आली. इथल्या लेखांत पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याचे आणि मागिल नावाच्या राजवैद्याचे दान नोंदलेले आहे. इथेच सापडलेला हसरा, ठेंगणा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला, असे त्याच्या हातावर कोरले आहे.

मुलांना शिलालेखांत रस नसतो. त्यांना दाखवावा तो नाग. चौथ्या लेण्याच्या दाराशी, पायऱ्यांच्या बाजूला कातळात पाच फण्यांचा नाग कोरला आहे. डोंगरात मुरलेले पाणी आतून खोदलेल्या पन्हळीने आणून त्याच्या फण्यांतून बाहेर पडावे अशी ती योजना आहे. लेण्यात ओल येऊ नये म्हणून केलेला निचरा आणि येणाऱ्याच्या पायांशी पाणी, अशी दोन्ही कामे त्यात साधली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गवंडीकामाचा इतका सरळ धडा दुसरीकडे क्वचित मिळेल.

इथे दोन गोष्टींचे भान हवे. दरीतला ओढा पावसात अचानक फुगतो. वरच्या अंगाला आभाळ भरले असेल तर खाली उतरू नये. दुसरे, कड्यांना आग्यामोहळ लागलेले असते. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि दगडफेक हे सारे वर्ज्य. गटात पोरेटोरे असतील तर ही सूचना वरच देऊन ठेवावी, खाली पोहोचल्यावर नव्हे.

पाटणादेवी. पितळखोऱ्याची दरी जिथे खानदेशात उघडते तिथे, चाळीसगावच्या बाजूला, पाटणादेवीचे मंदिर, धवलतीर्थ आणि केदारकुंड आहेत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा इ. स. 1207 चा शिलालेख इथलाच, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. पितळखोऱ्यातून खाली पाटण्याला उतरणारी वाट धडधाकट माणसांनी वाटाड्या घेऊनच करावी. कुटुंबासाठी बरे म्हणजे गाडीने घाट उतरून पायथ्याने जाणे. इथे नेहमीचा क्रम उलटतो: चालायला सुरुवात खालून होते आणि परतीचा उतार सोपा जातो. दिवस एकच असेल आणि बरोबर लहान मुले असतील, तर पितळखोऱ्यापेक्षा पाटणादेवी निवडणे शहाणपणाचे.

अंतूर किल्ला. पिशोरच्या बाजूने नागापूरमार्गे जवळ. रांगेच्या एका सोंडेवर तो उभा असून पठाराशी जोडलेली बाजू कातळ तासून खंदकाने तोडली आहे. दरवाजांची रांग, बुरूज, फारशी लेख आणि माथ्यावरचे तळे अजून पाहण्यासारखे आहेत. किल्ल्याच्या दक्षिणेला सोळाव्या शतकाच्या अखेरचा, निजामशाहीतला दगडी खांब होता. नागापूर-चाळीसगाव, बऱ्हाणपूर, दौलताबाद-अहमदनगर आणि जालना या वाटा कोणत्या दिशेला जातात, हे त्यावर फारशीत कोरले होते. आजच्या फलकांपेक्षा त्या खांबाने वाटसरूची सोय अधिक नेमकी केली होती, असे इथल्या चौफुल्यांवर चुकलेला कोणीही म्हणेल. तटावर कठडे नाहीत आणि गवत माजले की कडा कुठे संपतो ते दिसत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांचा हात सोडू नये.

काळ आणि सोय. ऑगस्टचा उत्तरार्ध ते जानेवारी हा चालण्याचा काळ. श्रावण-भाद्रपदात धबधबे भरलेले असतात, पण शेवाळलेल्या पायऱ्या निसरड्या होतात आणि घाटात दरडी येतात. 31 ऑगस्ट 2021 च्या अतिवृष्टीत कन्नड घाटात मोठ्या दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. मार्चनंतर जंगल उघडे पडते, वणव्याची भीती असते आणि सावली शोधावी लागते. जंगलात खाण्यापिण्याची दुकाने धरून चालू नये. पाणी माणशी दोन लिटरांहून कमी नको, आणि त्यातले निम्मे परतीच्या चढासाठी राखून ठेवावे.

मुक्कामाची सोय कन्नडला बरी. पिशोर हे कन्नड व सिल्लोड यांच्या दरम्यानचे बाजाराचे गाव असून तिथे पोलीस ठाणे आहे. अंतूरला जाणाऱ्यांनी पेट्रोल, औषधे, भाकरी-ठेचा जे लागेल ते इथेच घ्यावे. आजूबाजूला मका, कापूस आणि अद्रकीची शेते. दिवाळीच्या सुमारास मक्याची सोंगणी चालू असते. किल्ल्याकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर तेव्हा कणसे वाळत घातलेली आणि ट्रॅक्टर आडवे लावलेले असतात. वेळेचा हिशोब त्याप्रमाणे करावा.