यंत्र आपल्या घरात, किल्ली कोणाच्या हातात?

गंगापूर रोडवरचा बंगला असो, पंचवटीतला जुना वाडा असो की सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना असो, भिंतीवर खिळ्याला अडकवलेला, दोन-चार शिंगांचा एक डबा आता सर्वत्र दिसतो. लोक त्याला ‘वायफायचा डबा’ म्हणतात, तंत्रज्ञ त्याला राऊटर म्हणतात. हा डबा कधीकधी मध्यरात्रीनंतर आपणहून बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. सकाळी पाहावे तर मुलांसाठी घातलेली वेळेची मर्यादा नाहीशी झालेली असते, कारखान्यातला कॅमेरा दूरवरून पाहण्यासाठी करून ठेवलेली वाट बुजलेली असते आणि जुना पासवर्ड चालत नाही. घरात चोर शिरलेला नसतो. डब्याच्या कर्त्याने किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याने त्याचे ‘अपडेट’ केलेले असते.

ही घटना वरवर किरकोळ वाटते. परंतु तिच्यामागे गेल्या वीस-बावीस वर्षांचा एक वाद उभा आहे. विकत घेतलेल्या यंत्राच्या अंतरंगात बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद. त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय आपल्या भिंतीवरच्या डब्याचे काय करावे, हे ठरवता येणार नाही.

एका निळ्या डब्याची गोष्ट

राऊटर हा खरे तर छोटा संगणकच असतो. त्याच्या स्मृतीत कायमची बसवलेली जी मूळ प्रणाली असते तिला फर्मवेअर म्हणतात. २००२च्या अखेरीस लिंक्सिस या कंपनीने ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ नावाचा निळ्या-काळ्या रंगाचा राऊटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी सिस्को या बलाढ्य कंपनीने लिंक्सिस विकत घेतली. याच सुमारास काही जिज्ञासूंच्या लक्षात आले, की या डब्याचे फर्मवेअर लिनक्सवर आधारलेले आहे. लिनक्सचा परवाना असे सांगतो, की ही प्रणाली वापरून तयार केलेली वस्तू विकणाऱ्याने तिच्यातील त्या भागाचा मूळ आराखडा, म्हणजे सोर्स कोड, ग्राहकाला मागताच दिला पाहिजे. तगादा लागला आणि २००३मध्ये कंपनीला तो कोड खुला करावा लागला.

त्यातून २००४मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प जन्मला, पाठोपाठ ‘डीडी-डब्ल्यूआरटी’ आला. स्वस्तातला घरगुती डबा आता महागड्या यंत्रांची कामे करू लागला. दोन इंटरनेट जोडण्या एकत्र चालवणे, पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवणे, कोणत्या यंत्राने किती डेटा वापरला याचा हिशेब ठेवणे, अशी ती कामे. हिमाचल प्रदेशातील धरमशाळेच्या डोंगरांत ‘एअरजलदी’ या उपक्रमाने असेच बदललेले राऊटर वापरून बिनतारी जाळे विणले. भारतात हे शक्य झाले, कारण जानेवारी २००५मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवाही त्याच महिन्यात सुरू झाली. घरोघरी मोडेम पोहोचले ते त्यानंतर.

कंपनीला मात्र हा उत्साह फारसा मानवला नसावा. २००५च्या अखेरीस त्याच राऊटरची नवी आवृत्ती आली, तिच्यातून लिनक्स काढून टाकले होते आणि स्मृती निम्मी केली होती. जुन्या ग्राहकांसाठी लिनक्सवर चालणारा वेगळा नमुना विक्रीला ठेवण्यात आला. खोलीचे कुलूप बदलायचे आणि जुनी किल्ली हवी असेल त्याला दुसरी खोली विकायची, असा हा व्यवहार होता.

दूरची किल्ली

२००४ सालीच आणखी एक गोष्ट घडली, तिचा गाजावाजा झाला नाही. डीएसएल फोरम या उद्योगसंस्थेने ‘टीआर-०६९’ नावाचा संकेत प्रसिद्ध केला. त्यानुसार ग्राहकाच्या घरचा मोडेम सेवा पुरवठादाराच्या मध्यवर्ती यंत्रणेशी अधूनमधून बोलतो, आपली हालहवाल सांगतो आणि तिकडून आलेली मांडणी किंवा नवे फर्मवेअर स्वीकारतो. सोय मोठी होती. लाखो घरी माणूस पाठवण्याची गरज उरली नाही. मात्र घराच्या कुलपाची एक किल्ली कायमची पुरवठादाराकडे गेली, आणि बहुतेक ग्राहकांना ती दिली आहे याची कल्पनाही नव्हती.

किल्लीचा वापर किती दूर जाऊ शकतो, हे २०१२च्या जूनअखेरीस दिसले. सिस्कोने लिंक्सिसच्या काही नव्या राऊटरांना स्वयंचलित अपडेट पाठवले. ते बसताच ग्राहकाला आपल्याच राऊटरची नेहमीची मांडणी उघडेना. त्यासाठी कंपनीच्या ‘कनेक्ट क्लाउड’ या सेवेत खाते काढावे लागू लागले. सेवेच्या अटींमध्ये ग्राहकाच्या इंटरनेट वापराच्या नोंदींचाही उल्लेख होता. संतापाची लाट उसळली. काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली, अटी बदलल्या आणि जुन्या मांडणीकडे परतण्याची वाट दिली. यंत्र तेच, घर तेच, पैसे ग्राहकाचेच. पण एका रात्रीत यजमान पाहुणा झाला होता.

पुढचा अंक सरकारी नियमांचा होता. बिनतारी लहरी हवामानखात्याच्या रडारांना अडथळा आणू नयेत म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नियम कडक केले. सरसकट कुलूप लावणे हा त्यावरचा सोपा उपाय होता, म्हणून टीपी-लिंक या कंपनीने आपल्या राऊटरांवर परके फर्मवेअर बसवणेच बंद केले. मात्र ऑगस्ट २०१६मध्ये दुसऱ्या एका नियमभंगाच्या प्रकरणात आयोगाने कंपनीशी तडजोड केली, तेव्हा २ लाख डॉलरच्या दंडाबरोबर अशी अट घातली, की परक्या फर्मवेअरला वाट देण्यासाठी तिने प्रयत्न करावेत. त्याच ऑगस्टच्या १ तारखेपासून जर्मनीत नवा कायदा लागू झाला. घरात पुरवठादाराचाच राऊटर वापरण्याची सक्ती त्याने संपवली.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे

इथवरची गोष्ट वाचून कोणी म्हणेल, की अपडेट ही कंपन्यांची दांडगाई आहे, ती बंद करून टाकावी. इतिहास एवढा सरळ नाही.

२०१६च्या शरदात ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि राऊटर काबीज केले. तिचे मुख्य हत्यार होते कारखान्यातून आलेले, कोणी कधीच न बदललेले पासवर्ड. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीस तिच्याच एका भावंडाने जर्मनीतील डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर आडवे केले. शिरकावासाठी तिने ठोठावले ते दुरून देखभाल करण्याचेच दार. उपाय म्हणून कंपनीने काय केले? नवे फर्मवेअर तयार करून ते लगोलग राऊटरांना दिले. ज्या दारातून संकट आले, त्याच वाटेने औषधही आले.

आठ महिन्यांनी हेच संकट आपल्या दाराशी होते. जुलै २०१७च्या अखेरीस देशाच्या अनेक भागांत बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम निकामी झाले. त्या वेळच्या बातम्यांत सुमारे ६० हजारांचा आकडा आला. मुंबई आणि दिल्लीत सेवा देणाऱ्या एमटीएनएलचे नावही त्यात होते. ‘ब्रिकरबॉट’ या प्रणालीच्या कर्त्याने आपली ओळख लपवून या हल्ल्याची जबाबदारी घेतली. त्याचा दावा चमत्कारिक होता. असुरक्षित यंत्रे दुष्टांच्या हाती पडण्यापूर्वी ती स्वतःच पुसून टाकायची आणि त्यातून इंटरनेट वाचवायचे, असे तो म्हणे. मालकाला न विचारता केलेल्या ‘दुरुस्ती’चे हे शेवटचे टोक. बीएसएनएलने ग्राहकांना सांगितले ते साधेच होते : कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला.

२०१८चा धडा तर आपल्या केबलवाल्यांशी आणि छोट्या इंटरनेट पुरवठादारांशी थेट जोडलेला आहे. त्यांच्यात मायक्रोटिक या लाटव्हियन कंपनीचे राऊटर लोकप्रिय आहेत, कारण ते हवे तसे वळवता येतात. त्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने एका गंभीर त्रुटीवरचा उपाय प्रसिद्ध केला. पण बारकाईने बसवलेली मांडणी अपडेटमुळे बिघडेल या धास्तीने म्हणा किंवा आळसाने म्हणा, जगभरच्या असंख्य चालकांनी तो बसवलाच नाही. काही महिन्यांत लाखांहून अधिक राऊटर चोरून आभासी चलन ‘खणण्याच्या’ कामाला जुंपले गेले, त्यांत भारतातलेही हजारो होते. इथे अपडेट नको असणाऱ्याचा हट्ट शेजाऱ्यालाही महाग पडला.

मुंबईचे घड्याळ

महाराष्ट्राला असा वाद नवा नाही. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. रेल्वे आणि तारखात्यासाठी देशभर एकच वेळ असणे सोयीचे होते, हे कोणी नाकारले नसते. तरीही मुंबईकरांनी आपली घड्याळे ३९ मिनिटे पुढे करण्यास विरोध केला. आपला दिवस केव्हा सुरू व्हावा हे आपल्याला न विचारता ठरवले, हा त्यांचा सल होता. शहरात ‘मुंबई टाइम’ थेट १९५५पर्यंत टिकून राहिला. प्रमाणवेळ चुकीची नव्हती, पण ती आणण्याची रीत लोकांच्या मनाला लागली होती. बदल हिताचा असला तरी तो विचारून व्हावा लागतो, हा त्या जवळजवळ अर्धशतकाच्या भांडणाचा अर्थ आहे.

विचारून केलेला बदल

राऊटरच्या जगात हा अर्थ उशिरा का होईना, कायद्यात उतरू लागला आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून सर्वांना सारखाच, सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून उपकरणे विकता येत नाहीत आणि सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळतील हे विक्रेत्याला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाचा सायबर लवचिकतेचा कायदा डिसेंबर २०२४मध्ये अमलात आला, त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७पासून बंधनकारक होतील. त्यात दोन्ही टोके सांधलेली आहेत. सुरक्षेची अपडेट आपोआप बसावीत, पण ग्राहकाला त्यांची सूचना मिळावी, ती पुढे ढकलता यावीत आणि स्वयंचलित व्यवस्था सहज बंद करता यावी. खुल्या फर्मवेअरची परंपराही हेच सांगत आली आहे. ओपनडब्ल्यूआरटी मालकाच्या सांगण्याशिवाय स्वतःला बदलत नाही, आणि बदल करताना जुनी मांडणी जपून ठेवण्याची सोय देते. अर्थात ज्याने ते बसवले, त्याच्यावर वेळोवेळी अपडेट करण्याची जबाबदारीही येते.

वाचकांनी यातून घ्यायचे ते एवढे. पहिली गोष्ट, डबा कोणाचा हे ओळखावे. पुरवठादाराने दिलेल्या यंत्राची दूरची किल्ली त्याच्याकडे असणारच. आपली मांडणी जपायची असेल तर त्या यंत्राला केवळ ‘ब्रिज’ म्हणून ठेवायला सांगावे आणि त्यामागे स्वतःचा राऊटर लावावा. दुसरी, सगळी मांडणी नीट बसली की तिची प्रत संगणकावर उतरवून ठेवावी, म्हणजे मध्यरात्रीचा बदल सकाळी दहा मिनिटांत निस्तरता येतो. तिसरी, स्वयंचलित अपडेट बंद करायचेच असेल तर महिन्यातला एक दिवस ठरवून ते स्वतः तपासावे. चौथी, यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. तो गळका नळ बंद करील या विश्वासाने आपण ती देतो, सामान हलवण्यासाठी नव्हे. राऊटरच्या किल्लीचा करारही तसाच, बोलून आणि लिहून झाला पाहिजे. तोवर आपल्याच भिंतीवरच्या त्या डब्याकडे अधूनमधून लक्ष ठेवणे हे मालकाचे काम आहे.