नायिका कृष्णवर्णीय, मग कव्हरवर गोरी मुलगी कशी?

2009 मध्ये अमेरिकेत जस्टिन लार्बालेस्टिअर यांची 'लायर' ही टीनएजर्ससाठीची कादंबरी येणार होती. नायिका मायका कृष्णवर्णीय, केस आखूड. ब्लूम्सबरीच्या कव्हरवर मात्र लांब, सरळ केसांची गोरी मुलगी! यालाच 'व्हाइटवॉशिंग' म्हणतात.

इथे घोळ मोठा होता. मायका सतत थापा मारते. त्यामुळे कव्हर पाहून, तिचा वर्ण हीसुद्धा थापच का, असं वाचक विचारू लागले. लेखिकेनं जाहीर नाराजी मांडली, वाचक संतापले आणि प्रकाशनाआधीच कव्हर बदललं.

कृष्णवर्णीय चेहऱ्याची पुस्तकं खपत नाहीत, हा या धंद्यातला जुना समज. पण ती दुकानात मागच्या कपाटात ठेवली, तर खपणार कशी?

जानेवारी 2010 मध्ये याच प्रकाशनाच्या 'मॅजिक अंडर ग्लास'वरून पुन्हा तोच वाद झाला. तेही कव्हर बदलावं लागलं.