यत्नाचा समास आणि त्याचें विवरण

आमच्या शाळांतून कविता शिकविण्याची एक ठराविक रीत फार दिवसांपासून चालत आलेली आहे. गुरुजींनीं कविता चालीवर म्हणावयाची, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून द्यावयाचे, आणि शेवटीं एका वाक्यांत तात्पर्य सांगून मोकळें व्हावयाचें. कविता उद्योगाची अथवा चिकाटीची असली म्हणजे तर हें काम फारच सोपें होतें. सतत प्रयत्न केल्यास यश मिळतें, हें एक वाक्य असल्या सर्व कवितांना सारखेंच लागू पडतें. विद्यार्थी तें उत्तरपत्रिकेंत उतरवितो, परीक्षक त्याला गुण देतो, आणि कविता जशीच्या तशी बाजूला राहते. ज्या कवितेंत कष्टाची थोरवी सांगितली, तीच वाचतांना कष्ट करण्याची मात्र कोणासच गरज पडत नाहीं, हा त्यांतला विनोद सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

या रीतीनें अर्थाचा अनर्थहि होतो. भर्तृहरीच्या नीतिशतकाचें वामन पंडितानें मराठींत रूपांतर केलें. त्यांतील वाळू रगडून तेल काढण्याची कल्पना आज घरोघर उद्योगाचें सुभाषित म्हणून सांगितली जाते. परंतु सबंध श्लोक वाचून पाहिला, तर कवीचा रोख अगदीं निराळा आहे. वाळूचें तेल निघेल, मृगजळानें तहान भागेल, सशाचें शिंगहि एक वेळ सांपडेल. पण हट्टी मूर्खाचें मन वळविणें शक्य नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे जो श्लोक प्रयत्नाची मर्यादा सांगण्यास निघाला, त्याचाच एक चरण तोडून आम्हीं तो प्रयत्नाच्या महिम्यासाठीं वापरला! चार चरण शेवटपर्यंत वाचण्याची चिकाटी आम्हीं दाखविली असती, तर ही चूक झाली नसती.

मग अशी कविता शिकवावी तरी कशी? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास परदेशच्या शिक्षणशास्त्राकडे धांव घेण्यापूर्वीं आम्ही वाचकांस जालना जिल्ह्यांतील एका गांवीं नेऊं इच्छितों. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें तें गांव. येथें शके १५३० मध्यें, म्हणजे इ. स. १६०८ सालीं, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं नारायण हा मुलगा जन्मला. तोच पुढें समर्थ रामदास या नांवानें प्रसिद्ध झाला. वडील बंधु गंगाधरपंत हेहि ग्रंथकार होते, आणि त्यांना श्रेष्ठ म्हणत. नारायण लहानपणींच घर सोडून गेला, टाकळीस राहिला, देशभर हिंडला, आणि पुढें कृष्णाकांठीं येऊन त्यानें आपलें कार्य उभारलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिची पुनरुक्ति येथें करीत नाहीं.

आमचें काम त्यांच्या एका समासाशीं आहे. दासबोधाचे वीस दशक व प्रत्येक दशकाचे दहा समास. त्यांपैकीं बाराव्या दशकांतील नववा समास यत्नशिकवणीचा आहे. चिकाटीवरील कविता म्हणून मराठींत याहून योग्य नमुना सांपडणें कठीण. आणि तात्पर्याच्या रीतीनें तो वाचला, तर याहून अधिक नुकसान दुसऱ्या कोणत्या कवितेचें होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

या समासाचा आरंभ उपदेशानें होत नाहीं, प्रश्नानें होतो. एक माणूस आहे. त्याला खावयास अन्न नाहीं, अंगावर वस्त्र नाहीं, निजावयास अंथरूण नाहीं, राहावयास खोपट नाहीं, विचारणारें कोणी सगेंसोयरें नाहीं. अशानें काय करावें? जगावें कीं मरावें? हा प्रश्न कोणीएकानें विचारला आणि कोणीएकानें त्याला उत्तर दिलें, एवढेंच कवि सांगतो. विचारणाराचें नांव नाहीं, सांगणाराचेंहि नाहीं. विद्यार्थ्याला पहिली गोष्ट दाखवावयाची ती ही. पोट भरलेल्या माणसाला केलेला हा उपदेश नसून, जीव द्यावा कीं काय या विचाराशीं येऊन ठेपलेल्या माणसाला दिलेलें हें उत्तर आहे.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे. पण व्याकरणांतूनच येथें अर्थ उघडतो. पूर्वार्धांत 'नाहीं' हा शब्द किती वेळां आला तें मुलांना मोजूं द्यावें. उत्तरार्धांत तो शब्द मागें पडतो, आणि 'उठावें, करावें, आणावें' अशीं विध्यर्थी क्रियापदें एकामागून एक येऊं लागतात. नाहींपासून करावेंपर्यंतचा हा प्रवास हेंच त्या समासाचें अंतरंग. ओवीची घडणहि येथें पाहण्यासारखी आहे. पहिले तीन चरण एका यमकांत धांवतात आणि चौथा आंखूड चरण एकदम थांबवितो. दुःखांची यादी चालली असतां तो थांबा कसा लागतो, आणि कामांची यादी चालली असतां कसा लागतो, हें मोठ्यानें वाचल्यावांचून कळावयाचें नाहीं.

तिसरी गोष्ट यत्नाच्या स्वरूपाची. कवि या माणसाला डोंगर उलथावयास सांगत नाहीं. पहाटे उठावें, मागील पाठाची उजळणी करून पुढील पाठ करावा, व्यर्थ बडबड करूं नये, बाहेर गेल्यास रिकाम्या हातीं परत येऊं नये, कांहीं मिळवावें आणि मग जेवावें, अडचणींत गुंतलेल्या इतर लोकांनाहि सोडवावें, असा एका दिवसाचा क्रम तो लावून देतो. यत्न म्हणजे एका दिवसाची नीट मांडणी, आणि तोच दिवस उद्यां पुन्हां.

आणि याच क्रमांत, आमच्या विषयाला अगदीं लागून, एक आज्ञा आहे. अक्षर सुंदर काढावें, वाचन स्पष्ट करावें, आणि पुनःपुन्हां विवरण करून आंतला अर्थ जाणून घ्यावा. त्याच्यापुढें लगेच, प्रश्न नेमका विचारावा, उत्तर उलगडून सांगावें, आणि स्वतःला प्रत्यय आल्यावांचून बोलणें हें पाप समजावें, असें बजाविलें आहे. वाचक हो, हें वाचल्यावर आम्हांस आमच्या तात्पर्याची लाज वाटली. कवितेचें विवरण ही कवितेबाहेरची, परीक्षेसाठीं लादलेली गोष्ट नसून, या कवीच्या मतें तोच यत्नाचा एक भाग आहे. प्रत्ययावांचून लिहिलेलें तात्पर्य हें त्या कवितेनेंच निषिद्ध ठरविलेलें आहे!

समर्थांनीं हा विचार इतरत्रहि सोडलेला नाहीं. चौदाव्या दशकांतील तिसऱ्या समासांत त्यांनीं कवित्वाचे धीट, पाठ व प्रासादिक असे तीन प्रकार केले आहेत. मनाला येईल तें बळें रचलेलें तें धीट, अनेक ग्रंथ पाहून त्यांच्यासारखें केलेलें तें पाठ, आणि सहज अंतरांतून आलेलें तें प्रासादिक. हीं तीन नांवें विद्यार्थ्याच्या हातीं दिलीं, तर तो कोणत्याहि उद्योगपर कवितेची पारख करूं लागेल. एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं लेखनक्रियेचा समास आहे. त्यांत अक्षरांचा वाटोळेपणा, ओळींचें अंतर, ग्रंथाचें पहिलें अक्षर व शेवटचें अक्षर यांचें एकसारखेपण, इतका बारकावा आहे. तरुणपणीं फार बारीक लिहिलेलें म्हातारपणीं वाचतां येत नाहीं, म्हणून मध्यम अक्षर काढावें, असें सांगण्याइतकी दूरदृष्टि त्यांत आहे. चिकाटीचा धडा टांकाच्या टोंकावर शिकविणारा हा गुरु होता.

हा पाठ मठांतून कांहीं पिढ्या टिकला. ग्रंथाची नक्कल करणें, तो पाठ करणें आणि श्रोत्यांपुढें त्याचें निरूपण करणें, या तीन पायऱ्या तेथें होत्या. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनीं १८५४ सालीं 'नवनीत' प्रसिद्ध केलें, आणि मुंबई इलाख्यांतील विद्यार्थ्यांच्या हातीं जुन्या कवींचे वेंचे आले. हा मोठाच लाभ. परंतु वेंचा म्हटला म्हणजे मागचा-पुढचा संदर्भ तुटतो, आणि परीक्षा आली म्हणजे तात्पर्य येतें. पाठांतर राहिलें, निरूपण गेलें. पुढें धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापून रामदासी वाङ्मयाचीं बाडें मठोमठीं हिंडून गोळा केलीं, आणि डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ सालीं दासबोध छापून काढला. शुद्ध पाठ हातीं नसेल तर विवरण कशाचें करावयाचें? यत्नाचा उपदेश ज्यांनीं खरोखर वाचला, अशांपैकीं देव हे एक होत.

परंतु ज्या प्रांतांत समर्थ जन्मले, तेथल्या मुलांची स्थिति या काळांत काय होती? जालना, अंबड, घनसावंगी हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कारभारांत फारसीची जागा उर्दूनें घेतली. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षण इंग्रजीऐवजीं उर्दूंतून देण्यांत येऊं लागलें. देशी भाषेंतून शास्त्रें शिकविण्याचा तो प्रयोग थोर होता, हें मान्य केलेंच पाहिजे. तथापि मराठी, तेलुगु किंवा कानडी घरांतील मुलाला ती भाषा घरची नव्हती. जांबच्या परिसरांतील मुलाला समर्थांच्या ओव्या आजीच्या तोंडून ऐकावयास मिळत, पण वरच्या शिक्षणांत त्याला स्वतःच्या भाषेंत विचार करण्याचा मार्ग नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आतां तो मार्ग मोकळा आहे. त्यावरून चालण्याची जबाबदारी त्यामुळेंच आमच्यावर येते.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून हा समास शिकवितां येणार नाहीं. आरंभींच्या ओवींत कवीनें दुबळेपणा, आळस, खादाडपणा आणि कर्ज हीं सारीं एकाच रांगेंत बसविलीं आहेत. एकोणिसाव्या दशकांतील करंटलक्षणांतहि लिहितां-वाचतां न येणें हें करंट्याचें लक्षण म्हणून येतें. जालना जिल्ह्यानें १९७२ चा दुष्काळ पाहिला. त्या सालीं मराठवाड्यांतील शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. २०१२-१३ सालीं याच जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. ज्याच्या बापानें ती बाग लावली, पाणी घातलें आणि शेवटीं कुऱ्हाडीनें तोडली, असा मुलगा वर्गांत बसलेला असतां, कर्ज आणि आळस यांना भावंडें म्हणणारी ओळ त्याला कशी समजावून द्यावयाची? प्रयत्न केल्यास यश मिळतें हें तात्पर्य त्याला सांगणें म्हणजे त्याच्या बापानें प्रयत्न केला नाहीं असें त्याला सांगणें होय.

विवरणाची खरी गरज येथें आहे. त्या रांगेंतील कोणते शब्द दोषाचे व कोणते केवळ विपत्तीचे, हें मुलांनाच निवडूं द्यावें. पुढील ओव्यांत दोष मागें पडून निव्वळ अभावच कसा उरतो, हें त्यांना दाखवावें. करंटलक्षण आरंभींच तीं लक्षणें टाकतां येतात असें सांगतें, आणि त्याला लागूनच सदेवलक्षणाचा समास येतो. म्हणजे करंटेपण हें कवीच्या मतें जन्माचें कपाळ नव्हे, ही नोंद करावी. मग समर्थांचेंच अस्मानी-सुलतानीचें निरूपण वर्गांत वाचावें. त्यांच्या तारुण्यांत, १६३० ते १६३२ या सालांत, दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला होता. अस्मानी-सुलतानीनें नाडलेल्या, देशोधडीस लागलेल्या लोकांचें दुःख त्या रचनांत त्यांनीं मांडलें आहे, आणि तेथें ते पीडितांना आळशी म्हणत नाहींत. ज्या कवीनें आळसाला इतकें झोडपलें, त्यालाच आळस व आपत्ति यांतील भेद पुरता ठाऊक होता. हीं दोन पृष्ठें शेजारीं ठेवून वाचलीं, म्हणजे मुलाला बापाची लाज वाटावयाची नाहीं आणि यत्नावरची श्रद्धाहि ढळावयाची नाहीं. एवढें करूनहि एकाद्या मुलानें त्या एका ओवीशीं मतभेद दर्शविला, तर त्याचे गुण कापूं नयेत. प्रत्ययावांचून बोलूं नये, ही आज्ञा त्यानें पाळली असें समजावें.

यत्नशिकवणीच्या समासानंतर लागलाच उत्तमपुरुषाचा समास येतो. आपण पोटभर जेवावें आणि उरलेलें अन्न वाटावें, वाया घालवूं नये, असा त्याचा आरंभ आहे. एका समासापूर्वीं ज्याला खावयास नव्हतें, त्याच्या हातून आतां अन्न वांटलें जात आहे! कवीनें हे दोन समास एकाला एक लावून ठेवले, यांतील मर्म वेंच्यांत सांपडत नाहीं, तात्पर्यांतहि सांपडत नाहीं. पान उलटून पुढें वाचणारालाच तें सांपडतें. आमच्या घरांतील वडील माणसांनीं एकाद्या रात्रीं मुलांस जवळ घेऊन हे दोन समास ओळीनें वाचावे, आणि 'तात्पर्य काय?' असें न विचारतां 'हें कोण कोणाला विचारतो आहे?' एवढाच प्रश्न घालून पाहावा.