तळटीप : सौरभ नेत्रवळकर

३. सौरभ नेत्रवळकर (जन्म १९९१, मुंबई) : डावखुरा वेगवान गोलंदाज. २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. रणजीत मात्र मुंबईकडून एकच सामना वाट्याला आला. २०१५ मध्ये संगणकशास्त्राच्या उच्चशिक्षणासाठी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. पुढे ऑरेकलमधील नोकरी सांभाळून अमेरिकेच्या संघाचे नेतृत्वही केले. ६ जून २०२४ रोजी डलासमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला १९ धावा हव्या होत्या. नेत्रवळकरने इफ्तिखार अहमदला बाद करून १३ च दिल्या. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने भारताच्या कोहलीला पहिल्याच चेंडूवर टिपले, रोहित शर्मालाही माघारी धाडले. त्यामुळे ‘संधी हुकलेला खेळाडू’ हे मूळ लेखातले वर्णन आता लागू होत नाही. — संपादक