कोडाक्रोमचा रंग कुठे होता?

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरातलं कुणी साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलं, त्यांच्या कपाटात स्लाइड्सची एखादी पेटी हमखास निघते. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली इवलीशी फिल्म, भिंतीला पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर बघायची. चौकटीवर ‘कोडाक्रोम’ छापलेलं असेल, तर ती जपा. तशी स्लाइड आता जगात कुठेच तयार होत नाही.

ही फिल्म दोन वादकांनी शोधली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटेना. लिओपोल्ड मॅनेस पियानो वाजवायचे आणि धाकटे लिओपोल्ड गोडोव्स्की व्हायोलिन. दोघे शाळेपासूनचे मित्र. 1930 मध्ये कोडॅकने त्यांना रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेत बोलावलं. काळोखात घड्याळ दिसायचं नाही, म्हणून ते ब्राम्सची सिंफनी शिट्टीवर वाजवत सेकंद मोजायचे. आपल्या आज्या स्तोत्र म्हणत चुलीवरचा वेळ मोजायच्या ना, तसंच. 1935 मध्ये कोडाक्रोमची सिनेफिल्म आली आणि पुढच्या वर्षी स्लाइडची.

हिची गंमत अशी की फिल्ममध्ये रंगच नव्हता. इतर रंगीत फिल्मच्या थरांत रंग घडवणारी द्रव्यं आधीच घातलेली असतात. कोडाक्रोमचे तिन्ही थर मुळात कृष्णधवल. (हे थर जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे. आपल्याला हे टोचणारच, पण त्यातून कुठलीच फिल्म सुटलेली नाही.) निळसर, पिवळा आणि किरमिजी हे तिन्ही रंग लॅबमध्ये, वेगवेगळ्या टाक्यांत, एकामागून एक चढवायचे. मध्येच फिल्मला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळा प्रकाश दाखवायचा. आपण दिलं ते कोरं कापड, रंग सगळा रंगाऱ्याच्या हौदात! त्यामुळे हे काम घरच्या डार्करूममध्ये जमण्यासारखं नव्हतं. बरीच वर्षं फिल्मच्या किमतीतच धुण्याचे पैसे धरलेले असत आणि रोल टपालाने कोडॅककडेच जाई. अमेरिकेत 1954 मध्ये न्यायालयीन तडजोडीने ही मक्तेदारी सुटली आणि इतर लॅबही ते काम करू लागल्या.

पुढे सोप्या फिल्म आल्या, मग डिजिटल कॅमेरे आले. 22 जून 2009 ला कोडॅकने कोडाक्रोम बंद केल्याचं जाहीर केलं. तोवर जगात ती धुणारी एकच लॅब उरली होती, कॅन्ससमधल्या पार्सन्स या सुमारे 10 हजार वस्तीच्या गावात: ड्वेन्स फोटो. शेवटची तारीख ठरली 30 डिसेंबर 2010. त्या आठवड्यांत लोक गाड्या घेऊन तिथे पोचले. एक बाई तीन रोल द्यायला लंडनहून आल्या. आर्कान्सासच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याचे तर 1,580 रोल होते, बहुतेक सगळे आगगाड्यांचे! कोडॅकने बनवलेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी यांना मिळाला होता. त्यातल्या 36 फोटोंपैकी काही त्यांनी राजस्थानात रबारी लोकांचे काढले. तो रोलही पार्सन्सलाच धुतला गेला. आलेला सगळा ढीग उपसेपर्यंत जानेवारी उजाडला, आणि मग ते यंत्र थांबलं.

आता आमच्या घरचं सांगते. मामा शिकागोला होते. त्यांच्या मागे मामींना सामानात एक न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला. डबीवर मामांच्या अक्षरात ‘आई, 1983’. आजी एकदाच अमेरिकेला गेली होती, ते हेच वर्ष. मामींना आठवतं ते तिचं हिरवं इरकल. तो हिरवा आता मिळणार नाही. असे रोल आज धुता येतात ते फक्त कृष्णधवल, तेही परदेशातल्या मोजक्या लॅबमध्ये. पाठीचा काळा थर वेगळा काढावा लागतो आणि इतक्या वर्षांनी चित्र धूसर निघू शकतं. घरात दोन मतं पडली. मामेभाऊ म्हणाला, रंग नसेल तर तसाच राहू दे. मामी म्हणाल्या, “मला सासूबाईंचा चेहरा बघायचाय, लुगडं मला पाठ आहे.” रोल मागच्या महिन्यात पाठवलाय.

तुमच्याकडे असा रोल निघाला तर आधी डबीवरची खूण बघा. ‘के-14’ असेल तर तो कोडाक्रोम. ‘ई-6’ असेल तर घाई करा, कारण तो प्रकार अजून रंगीत धुतला जातो, पण जुन्या रोलवरचं चित्र वर्षागणिक विरत जातं. धुतलेल्या कोडाक्रोम स्लाइड्सची तेवढी काळजी नको. अंधारात, कोरड्या जागी त्यांचे रंग इतर फिल्मपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे मात्र त्या लवकर फिकटतात, म्हणून एकदा स्कॅन करून घ्या आणि पाहुण्यांना त्याच दाखवा.