दूरदर्शनचे कपाट

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील जुन्या ख्रिस्ती घरांत आजही दोन कपाटे आढळतात. पहिले आल्तारचे. त्याचे स्थान बैठकीच्या खोलीत ठरलेले आणि पिढ्या बदलल्या तरी ते हलत नाही. दुसरे दूरदर्शन संचाचे. कमरेइतके उंच, चार पायांचे, समोर दोन दारे आणि खाली एक खण, असा त्याचा घाट. चाळीस वर्षांपूर्वी ते घराचे भूषण होते. आज बहुतेक घरांत ते पडवीत गेले आहे. कोठे त्यात कांदे आणि सुकी मासळी ठेवलेली दिसते, कोठे फाटकी जाळी. भंगारवाला तर आत लोखंड नाही म्हणून त्याच्याकडे पाहतही नाही.

दूरचित्रवाणीचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. तिच्यासाठी गावोगावच्या सुतारांनी आणि हौशी गृहस्थांनी जे लाकूडकाम केले, त्याची नोंद मात्र कोणी ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही. ही कपाटे वाळवीने खाऊन टाकण्यापूर्वी त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपला जिल्हा तेव्हा अस्तित्वातही नव्हता. १ मे १९८१ पर्यंत आपण रत्नागिरीचेच. मुंबईच्या चाळीत राहणारा मालवणी माणूस त्या पडद्यासमोर बसू लागला तेव्हा गावी त्याची आई कंदिलाची काच पुसत होती. त्या वेळचे कृष्णधवल संच लाकडी पेटीतच येत. अनेकांना सरकती दारे असत आणि त्यांना कुलूपही लावता येई. संच म्हणजे यंत्र आणि फर्निचर अशा दोन्ही गोष्टी एकत्र. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि हळूहळू लाकडी पेटी जाऊन प्लास्टिकची आली. दारे गेली, पाय गेले. आगबोटीवरच्या किंवा आखातातल्या नोकरीतून घरी आणलेला तो काळा, उघडा डबा ठेवायचा कोठे, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे उभा राहिला. टेबलावर ठेवावा तर खारी हवा, उंदीर, पाली, शिवाय घरातील पोरे. संचाची किंमत कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. त्यामुळे यंत्राने टाकून दिलेली लाकडी पेटी आमच्या लोकांनी पुन्हा घरी बांधली.

यात आपण एकटे नव्हतो. इंग्लंडमध्ये बी.बी.सी.चे नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाले, तेव्हाही संच उंची लाकडाच्या कपाटांत बसवून विकले जात. त्याआधी रेडिओचे तसेच झाले होते. आपल्याकडे घराघरांत पोचलेल्या मर्फी रेडिओच्या इंग्लंडमधील पेट्यांची रचना १९३० च्या दशकात आर. डी. रसेल या फर्निचर-रचनाकाराने केली होती. घरात नवे यंत्र शिरले की त्याला आधी घरच्या लाकडाचे वस्त्र नेसवायचे आणि मगच त्याला घरचे मानायचे, अशी माणसाची जुनी रीत दिसते.

आमच्या सुतारांनी मात्र इंग्लंडचे कॅटलॉग पाहिले नव्हते. मग दोन दारांचा आणि खाली खण असलेला हा घाट त्यांनी कोठून घेतला? माझे उत्तर असे की तो त्यांनी आल्तारवरून घेतला. हे कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही, पण दोन्ही कपाटे शेजारी ठेवून पाहावीत. वरची पुढे आलेली पट्टी, आत चौकटीत बसवलेल्या फळ्या, मधोमध मिटणारी दोन दारे, मेणबत्त्या व प्रार्थनापुस्तके ठेवण्याचा खालचा खण, हे सगळे जसेच्या तसे आहे. फक्त खणात मेणबत्त्यांच्या जागी जादा फ्यूज आणि अँटेनाची तार आली.

घरगुती आल्तारचे हे कपाट आपल्याकडे गोव्याहून आले. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यात लाकूडकामाची मोठी परंपरा उभी राहिली. असंख्य छोट्या खणांची, सागवानावर शिसवी आणि हस्तिदंत जडवलेली ‘कोंतादोर’ नावाची कपाटे तेथून युरोपात गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ती आजही पाहता येतात. त्यांतील काहींचे पाय नागिणीच्या किंवा मत्स्यकन्येच्या आकारात कोरलेले आहेत. पोर्तुगीज उमरावाच्या दिवाणखान्यातील कपाटाला खालून नागीण आधार देते, एवढ्यावरून ते कोणाच्या हातांनी घडले असेल याची कल्पना येते. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती उपासनेच्या वस्तू ख्रिस्तीतर कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. मनाई करावी लागली, याचाच अर्थ ते काम सर्रास चालू होते. पुढेही ते चालूच राहिले, कारण सुतारकी त्यांच्याच हाती होती. आमच्या गावातील आल्तार ज्या मेस्त्रींच्या आजोबांनी केला, त्याच घराण्याने गणपतीच्या माटवीची चौकटही केली. हे आमच्याकडे कोणाला वेगळे वाटत नसे.

आता एका कपाटाची हकीकत सांगतो. ते माझ्या वडिलांनी केले. वडील सुतार नव्हते. बोटीवर फिटर म्हणून नोकरी करून ते घरी परतले होते आणि घराच्या मागील पडवीत त्यांनी आपला छोटा कारखाना मांडला होता. एक जाड फळीचा बाक, दोन रंधे, तीन-चार पटाश्या, करवत, गुण्या आणि हातोडी. यंत्र एकही नव्हते.

१९८४ च्या पावसाळ्यात आमच्या परड्यातला फणस वादळात पडला. कोकणात फणस हा केवळ फळाचा वृक्ष नव्हे. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याने ज्या जातींची झाडे परवानगीवाचून तोडण्यास बंदी केली, त्यांत साग, ऐन, किंजळ यांच्याबरोबर फणसही आहे. त्याचे लाकूड कापल्यावर हळदीसारखे पिवळे दिसते आणि वर्षानुवर्षे हवा लागून तपकिरी, पुढे तांबूस होत जाते. पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. दक्षिणेत मृदंग आणि वीणा त्याचीच करतात. वडिलांनी ओंडका कुडाळला नेऊन फळ्या पाडून आणल्या आणि मधे काठ्या घालून माळ्यावर रचून ठेवल्या. लाकूड इंचाला एक वर्ष वाळू द्यावे, हा त्यांनी कोठेतरी ऐकलेला नियम. फळ्या दीड इंचाच्या होत्या. आम्ही मुले रोज वर पाहून विचारायचो आणि रोज तेच उत्तर मिळायचे.

१९८६ च्या मे महिन्यात कपाट उभे राहिले. वरची फळी तीन तुकडे जोडून केलेली, चांगली दोन फूट रुंद. ती वडिलांनी चारही बाजूंनी चौकटीत घट्ट बसवली, फेव्हिकॉल लावला आणि वर खिळे मारले. ते फिटर होते. लोखंडात जे घट्ट ते चांगले, हे त्यांच्या हाताला ठाऊक. जूनचा पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत चौकटीचे दोन कोपरे उघडले. जुलैत एक दार मिटेनासे झाले. मुंबईहून आणलेला संच खोक्यातच राहिला. वडील चार दिवस कोणाशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी त्यांनी गावच्या वृद्ध मेस्त्रींना बोलावले. मेस्त्रींनी कपाटावरून हात फिरवला, उघडलेल्या सांध्यात नख घालून पाहिले आणि म्हणाले, “लाकूड मेलां असां वाटता, पात्रांव, पण पावसात तां पाणी पिता. तेका फुगाक जागा ठेवूक व्हयी.”

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. लाकूड हवेतील दमट शोषते आणि फुगते, दमट गेला की आक्रसते. मात्र हे होते ते आडवे, तंतूंच्या रुंदीत. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. कोकणात मे महिन्यातील हवा आणि जुलैमधील हवा यांत एवढा फरक असतो की दोन फूट रुंदीची फळी अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरने सहज वाढावी. तिला चारही बाजूंनी जखडले तर ती एक तर स्वतः फाटते किंवा चौकट फोडते. म्हणून जुने कारागीर चौकट वेगळी घडवीत. उभ्या लाकडाला भोक, आडव्याला कुसू, वर आरपार लाकडी मेख, असा तो सांधा. चौकटीच्या आतल्या कडेला खाच पाडून फळी तिच्यात नुसती सरकवून ठेवीत. तिला ना सरस, ना खिळा. पावसाळ्यात ती खाचेत पसरते, वैशाखात आत येते आणि चौकट आपल्या जागी राहते. आल्तारची दारे शंभर वर्षे मिटतात ती यामुळे.

पाऊस ओसरल्यावर वडिलांनी कपाट पूर्ण मोडले आणि नव्याने घडवले. मेस्त्री संध्याकाळी येऊन बाकावर बसत. हत्यार हातात घेत नसत, फक्त पाहत. माझी दहावी नुकतीच झाली होती आणि कुसू तासण्याचे काम माझ्याकडे आले. मी तासलेले पहिले सहा कुसू चुलीत गेले. सातवा बसला. वरच्या फळीसाठी मेस्त्रींनी एक युक्ती सांगितली. मागच्या बाजूला ती पक्की करावी आणि पुढच्या बाजूला खालून लांबट भोकांतून स्क्रू लावावेत, म्हणजे फळीला पुढेमागे सरकता येते. संच तापतो म्हणून पाठीमागच्या फळीला वडिलांनी स्वतःच्या विचाराने अकरा आडव्या फटी पाडल्या. त्या काळातील संच काचेच्या मोठ्या नळीचा, मागे फुगीर. त्यामुळे कपाट पावणेदोन फूट खोल करावे लागले. शेवटी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पॉलिशचे हात दिले. पायांना मात्र खालून काजूच्या टरफलाचे तेल, जे आमच्याकडे होड्यांना लावतात.

नाताळच्या आठवड्यात संच आत बसला. पोफळीच्या उंच खांबावर अँटेना चढली. चित्रात निम्म्या वेळा मुंग्याच दिसत. आईने एका दाराच्या आतल्या बाजूला संत क्लाराचे लहान चित्र चिकटवले. आजारपणात अंथरुणावर पडून असताना दूरवर चाललेली मिस्सा तिला खोलीच्या भिंतीवर दिसली अशी परंपरा आहे आणि त्यावरून पोप पायस बारावे यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री ठरवले. आईला हे कोणी सांगितले होते, कोण जाणे. तिचा नियम एकच होता : तेर्स संपल्याशिवाय दारे उघडायची नाहीत. किल्ली तिच्या कमरेला असे. दारांचा खरा उपयोग काय, हे मला तेव्हा समजले. उघड्या संचाला नियम लावणे कठीण असते.

२५ जानेवारी १९८७ रोजी, रविवारी सकाळी, ‘रामायण’ मालिका सुरू झाली. वाडीत संच आमचाच. आम्ही पहिली मिस्सा आटोपून घरी पोचेपर्यंत अंगणात चपलांची रांग लागलेली असे. स्नान करून आलेली माणसे बैठकीत दाटीने बसत. एका रविवारी शेजारच्या काकूंनी अबोलीचा वळेसर आणला आणि कोठे घालावा म्हणून क्षणभर थबकल्या, कारण भिंतीवर वर क्रूस होता. आईने कपाटाच्या वरच्या पट्टीकडे बोट दाखवले. वळेसर तेथे लागला. मेस्त्री पुढच्या रांगेत बसत, पण मालिका चालू असताना त्यांचे डोळे मधूनच दारांच्या बिजागऱ्यांकडे जात असलेले मी पाहिले आहेत. पुढच्या वर्षीच्या जुलैअखेर मालिका संपली, तोवर वाडीत आणखी चार संच आले होते आणि आमच्यासारखी तीन कपाटे झाली होती.

त्यांची सद्दी वीस-बावीस वर्षांची. प्लायवुड आणि सनमायका आले. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते फुगत-आक्रसत नाही, हे खरेच. परंतु खाऱ्या दमट हवेत स्वस्त प्लायच्या कडा सुटतात, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यानंतर सपाट पडद्याचे संच आले. ते भिंतीला टांगायचे, रुंदीला मोठे आणि जाडीला चार बोटे. पावणेदोन फूट खोल कपाटात त्यांना ठेवता येईना. मेस्त्री गेले. त्यांची मुले पुण्याला असतात, लाकडात कोणी नाही.

वडिलांच्या मृत्यूनंतर घर नव्याने बांधायचे ठरले तेव्हा भावाने मला फोन करून विचारले, “कपाटाचे काय करू?” त्याच्या नव्या घरात त्याला जागा नव्हती आणि तसे म्हणण्याचा त्याला अधिकारही होता. मी टेम्पो पाठवला. आता ते माझ्या धर्मग्रामाच्या कचेरीत आहे. आत बाप्तिस्मा आणि विवाहाच्या जुन्या नोंदवह्या आहेत. लोखंडी कपाटात या वह्यांना दर पावसाळ्यात बुरशी येत असे. पाठीमागच्या अकरा फटींतून वारा खेळतो, त्यामुळे गेली सहा वर्षे आलेली नाही. दर जुलैत डावे दार थोडे जड होते आणि दिवाळीपर्यंत पुन्हा सैल मिटू लागते. संत क्लाराचे चित्र काढलेले नाही. किल्ली मात्र आईबरोबर कोठे गेली ती सापडली नाही. सावंतवाडीत जुन्या कुलपांचे काम करणारे कोणी उरले असेल तर वाचकांनी कळवावे.